मेणाखालची चिठ्ठी : बिशप हान्स ब्रास्कचं प्रकरण

स्वीडिश भाषेत 'ब्रास्कलाप' असा एक शब्द आहे. 'लाप' म्हणजे चिठोरं, कागदाचा कपटा. आजही तिथला अर्थतज्ज्ञ पुढच्या वर्षाचा अंदाज सांगताना 'इथे एक ब्रास्कलाप जोडतो' असं सहज म्हणून जातो. म्हणजे आकडा देतोय खरा, पण चुकला तर मला धरू नका. हात राखून बोलणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत, पण त्या सवयीला एखाद्या माणसाचं नाव चिकटलेलं नाही. स्वीडनमध्ये ते चिकटलंय, आणि तेही एका बिशपाचं. हान्स ब्रास्क, लिंशॉपिंगचा शेवटचा कॅथलिक बिशप. जन्म १४६४, मृत्यू १५३८.

गोष्ट सांगतात ती अशी. १५१७ साली एका ठरावावर त्याला मनाविरुद्ध मोहोर उठवावी लागली. उठवताना त्याने मेणाखाली एक चिठ्ठी सरकवली. तीन वर्षांनी त्याच ठरावापायी इतरांची डोकी उडाली, तेव्हा याने आपली मोहोर फोडायला लावली. चिठ्ठी निघाली आणि मान वाचली. सांगणारा इथे थांबतो, ऐकणारा हसतो आणि बिशप धूर्त ठरतो.

मला ही गोष्ट अर्धीच वाटते. याच माणसाने दहा वर्षांनी, १५२७ मध्ये, पुन्हा एकदा नकार दिला, तोही भरसभेत आणि तोंडाने. त्या वेळी त्याचं सगळं गेलं. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचले की चिठ्ठी वेगळीच दिसायला लागते.

आधी माणूस बघू. ब्रास्क लिंशॉपिंगच्या नगरप्रमुखाचा मुलगा. रोस्टॉक आणि ग्राइफ्सवाल्डच्या विद्यापीठांत शिकला, पुढे रोममध्ये राहिला, कॅनन कायद्याचा, म्हणजे चर्चच्या कायद्याचा, डॉक्टर झाला. १५१३ मध्ये बिशप झाला तेव्हा पन्नाशी गाठत आलेली. त्याच्याआधी त्या जागेवर हेमिंग गाद नावाचा गृहस्थ बारा वर्षं बसला होता. मिस्सापेक्षा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपेक्षा, तोफा आणि गलबतं त्याला जास्त प्रिय, आणि पोपने त्याची निवड कधी मान्यच केली नाही. त्यानंतर आलेला ब्रास्क अगदी दुसऱ्या टोकाचा, कागदावर प्रेम करणारा माणूस. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवायची त्याला सवय होती, म्हणून आज त्याच्याबद्दल इतकं कळतं.

बिशप म्हणजे जपमाळ ओढणारा म्हातारा, असं चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते पुसून टाकावं. लिंशॉपिंगचा धर्मप्रांत उस्टर्गॉटलंड, स्मोलंडचा मोठा भाग, उलांड आणि गॉटलंड ही बेटं, एवढा पसरलेला. संत बिर्गिट्टाचा वादस्टेनाचा मठही त्यातच. बिशपाकडे गावंच्या गावं, शेतसारा, धान्याचा दशमांश, मुंकेबुडाचा किल्ला, पदरी हत्यारबंद माणसं. शिवाय राज्याच्या मंडळात हक्काची जागा. आपल्या भाषेत सांगायचं तर धर्मगुरू आणि मोठा जहागीरदार, दोन्ही एकाच झग्यात.

हा जहागीरदार नेमका आणि चौकस होता. त्याच्या घरच्या जेवणाचं टिपण शिल्लक आहे. कुठल्या दिवशी कुठल्या पंक्तीला काय वाढायचं, उपासाच्या दिवसांत काय, बिशपाच्या मेजावर काय आणि गडीमाणसांच्या ताटात काय, सगळं लिहून ठेवलेलं. १५१६ च्या एका पत्रात त्याने स्वीडनच्या मोठ्या सरोवरांतून बाल्टिक समुद्रापर्यंत जलमार्ग काढता येईल, अशी कल्पना मांडली. डेन्मार्कच्या ताब्यातली सामुद्रधुनी टाळायची आणि जकात वाचवायची, हा हिशेब. तो कालवा झाला, पण तीनशे वर्षांनी. गॉटा कालवा १८३२ मध्ये पुरा झाला, १९० किलोमीटर लांब, ५८ जलपाशांचा, म्हणजे बोटी वर-खाली चढवणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांचा. पुढचं सगळं वाचताना हे मनात असू द्यावं. आपल्यापुढे आहे तो दूरचा हिशेब मांडणारा माणूस आहे.

१५१७ : ठराव

१३९७ पासून डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही राज्यं काल्मारच्या संघात एका राजाखाली होती. कागदोपत्री, असं म्हणायला हवं. स्वीडनमधल्या सरदारांचा एक गट डेन्मार्कच्या राजाला मानायचा, दुसरा स्वतःचा कारभारी नेमून त्याला धुडकावायचा. १५१२ पासून कारभारी होता तरुण स्टेन स्टुरे. त्याच्याआधी त्या जागेवर एरिक ट्रोल्ले येणार असं ठरलेलं होतं, पण स्टेनने ती हिसकावली. एरिकचा मुलगा गुस्ताव ट्रोल्ले पुढे रोमला गेला आणि उप्सालाचा आर्चबिशप होऊन परतला. घराण्यांचं जुनं वैर आता चर्च विरुद्ध राज्य या वेशात उभं राहिलं.

आर्चबिशपाचा एक किल्ला स्टॉकहोमहून उप्सालाला जाणाऱ्या जलमार्गावर होता, आल्मारेस्तेकेत. ट्रोल्ले तिथे जाऊन बसला आणि त्याने कारभाऱ्याशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला. स्टेनने वेढा घातला. डेन्मार्कचा राजा ख्रिस्तियान दुसरा याने सोडवणुकीसाठी सैन्य पाठवलं, ते ऑगस्ट १५१७ मध्ये स्टॉकहोमजवळ मार खाऊन परतलं. मग नोव्हेंबरमध्ये स्टेनने स्टॉकहोमला सभा बोलावली. सरदार, बिशप, शहरांचे आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी, सगळे. ठराव असा की ट्रोल्लेला आर्चबिशप मानायचं नाही, किल्ला जमीनदोस्त करायचा, आणि यावरून पोपकडून बहिष्कार आला तर सगळ्यांनी एकमेकांच्या पाठीशी उभं राहायचं.

शेवटचं कलम नीट वाचावं. स्टेनला नुसती संमती नको होती, त्याला सगळ्यांना आपल्या नावेत बसवायचं होतं. बुडालो तर सगळे. म्हणून प्रत्येकाची मोहोर हवी होती, आणि बिशपांची तर हवीच हवी.

ब्रास्कपुढे काय वाटा होत्या? सरळ नाही म्हणायचं, तर त्याच सभेत एका आर्चबिशपाचं काय होतंय ते तो बघतच होता, आणि त्याचा स्वतःचा किल्लाही काही स्टेनच्या आवाक्याबाहेर नव्हता. मुकाट्याने हो म्हणायचं, तर चर्चच्या कायद्याप्रमाणे आर्चबिशपावर हात टाकणारा आणि त्याला साथ देणारा दोघेही बहिष्काराला पात्र. हे त्या सभेत त्याच्याइतकं पक्कं क्वचितच कुणाला माहीत असेल. आजारी पडून घरी राहायचं, तर सभा भरली होती आणि तो तिथे हजर होता.

त्याने मोहोर उठवली आणि खाली चिठ्ठी ठेवली. 'हेर्टिल एर याग नॉड ओक ट्वुंगेन.' म्हणजे, 'हे करणं मला भाग पाडलं आहे, माझ्यावर सक्ती आहे.'

मेण

हे कसं जमलं असेल? तेव्हा दस्तऐवजाला वजन यायचं ते मोहोरेने. चर्मपत्राच्या खालच्या कडेला चिरा पाडायच्या, त्यांतून चर्मपत्राचीच पट्टी ओवायची, पट्टीच्या टोकांवर मऊ केलेल्या मेणाचा गोळा थापायचा आणि त्यावर मुद्रा दाबायची. वीस-पंचवीस माणसांच्या ठरावाला खाली अशी लोंबती मेणं एका ओळीत लागायची, जत्रेतल्या दुकानात माळा टांगाव्या तशी. मेण गार झालं की आत काय आहे ते फोडल्याखेरीज दिसत नाही. फोडलं की मोहोर गेली आणि दस्तऐवज बिघडला. त्यामुळे सहसा कुणी फोडतही नाही.

आपल्याकडे 'शिक्कामोर्तब' म्हणताना आपण दोन शब्द एका दमात उच्चारतो, पण जुन्या मराठी पत्रांत शिक्का वर असायचा आणि मोर्तब शेवटी. मजकूर संपला, यापुढे कुणी काही घुसडू नये, एवढ्यासाठी. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' असंच होतं. ब्रास्कने केलं ते याच्या नेमकं उलट. मजकूर जिथे संपतो त्या खुणेच्याच पोटात त्याने आणखी एक ओळ लपवली.

ती ओळ लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हे समजायला त्याचं शिक्षण आठवावं लागतं. रोमन कायद्यातून कॅनन कायद्यात आलेला एक नियम होता. सक्तीने किंवा भीतीने केलेली कृती मोडीत काढता येते, मात्र भीती साधीसुधी नको, खंबीर माणसालाही हलवील अशी हवी. आणि सक्ती होती हे नंतर आठवून चालत नाही, त्याच वेळी नोंदलेलं असावं लागतं. याची रीतसर पद्धत म्हणजे नोटरी आणि साक्षीदारांपुढे निषेध नोंदवायचा. स्टेनच्या सभेत नोटरी कुठून आणायचा? ब्रास्कने नोटरीचं काम मेणाकडून करून घेतलं. त्याच वेळी केलेली नोंद आणि तिला मोहोरेचं संरक्षण, दोन्ही एकाच गोळ्यात.

म्हणून ही चिठ्ठी मला भित्र्याची वाटत नाही आणि लबाडाचीही वाटत नाही. ती वकिलाची आहे. आमच्या सोसायटीच्या सभेत ठरावावर सही करताना तारखेच्या बाजूला बारीक अक्षरात 'वाचून पाहिले' एवढंच लिहिणारे एक निवृत्त गृहस्थ होते. 'मान्य' हा शब्द त्यांनी आयुष्यात लिहिला नसेल. सगळे त्यांना हसायचे. मीही हसलोय.

१५२० : मोहोर फुटली

१५२० च्या जानेवारीत ख्रिस्तियानचं सैन्य स्वीडनमध्ये घुसलं. ओसुंदेन सरोवराच्या बर्फावर स्टेन जखमी झाला आणि फेब्रुवारीत स्टॉकहोमकडे नेताना वाटेतच गेला. त्याची विधवा क्रिस्टिना ग्युलेन्शर्ना हिने सप्टेंबरपर्यंत राजधानी लढवली आणि माफीचा लेखी शब्द घेऊन मगच दरवाजे उघडले. ४ नोव्हेंबरला ट्रोल्लेने, हो त्याच ट्रोल्लेने, ख्रिस्तियानच्या डोक्यावर मुकुट ठेवला. तीन दिवस मेजवान्या झाल्या.

७ नोव्हेंबरला दुपारी पाहुण्यांना वाड्यात पुन्हा बोलावलं आणि दारं लावून घेतली. ट्रोल्लेने तक्रार वाचली. किल्ला पाडला, मला कैद केलं, भरपाई हवी आणि हे सगळे पाखंडी आहेत. या शब्दातच सगळी मेख होती. माफी दिली होती राजाने, राजाविरुद्धच्या गुन्ह्यांना. पाखंड हा चर्चविरुद्धचा गुन्हा, तो माफ करणं राजाच्या हातात नाही. म्हणजे राजाला आपला शब्द न मोडता माणसं मारायची सोय झाली.

मग क्रिस्टिनाने १५१७ चा ठराव पुढे केला. तिचा हेतू उघड होता. माझा नवरा एकटा नव्हता, सगळ्या देशाने मिळून ठरवलं होतं, या बघा मोहोरा. पण बचावासाठी काढलेला तोच कागद फिर्यादीच्या हाती आयती यादी होऊन पडला. स्टेनने सगळ्यांना एका नावेत बसवायला जे केलं होतं, ते इतकं चोख झालं होतं की आता कुणालाच उतरता येईना.

ब्रास्क उतरला. माझी मोहोर फोडा, म्हणाला.

ती चिठ्ठी आज कुठल्याही दफ्तरात नाही. गोष्ट पुढच्या काळात सांगता सांगता रंगली असणार, असं मानणारे इतिहासकारही आहेत. मेणाखालीच होती की निषेध आणखी कुठल्या रूपात नोंदला होता, यावर वाद घालता येईल. पण ठरावात सामील असलेला हा बिशप जिवंत राहिला एवढं मात्र वादापलीकडचं आहे.

आणि नुसता जिवंतही नाही. ८ नोव्हेंबरच्या सकाळी चर्चमधल्या मंडळींचं एक न्यायमंडळ बसलं. पोप आणि रोमच्या चर्चविरुद्ध एकमेकांना शपथेने बांधून घेणारे पाखंडी ठरतात का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. उत्तर आलं, ठरतात. या निवाड्यात ट्रोल्लेबरोबर लिंशॉपिंगचा बिशप हान्स याचंही नाव आहे.

गोष्ट सांगणारे हे गाळतात, कारण त्याने हसणं थांबतं. त्याच दुपारी मोठ्या चौकात, स्टोरतोर्येतवर, आधी स्ट्रेंग्नेसचा बिशप मातियास आणि स्काराचा बिशप विन्सेंट यांची मुंडकी उडवली गेली. मग सरदार, मग शहराचे प्रमुख, व्यापारी, नागरिक. येर्गेन होमुथ नावाच्या अधिकाऱ्याने नंतर सांगितलेला आकडा ८२ आहे. प्रेतं सॉदरमाल्मवर नेऊन जाळली. स्टेनचं प्रेतही उकरून आणून त्याच चितेत टाकलं, कारण पाखंड्याला पवित्र जमीन नाही. मातियासची कथा तर विशेष. राजधानी शरण यावी म्हणून राजाच्या बाजूने खटपट करणाऱ्यांत तो होता. राजाची सेवा करून तो मेला, आणि ब्रास्क एका ओळीवर जगला. ब्रास्कच्या आधीचा तो हेमिंग गाद, म्हातारपणी ख्रिस्तियानलाच जाऊन मिळालेला, डिसेंबरमध्ये फिनलंडमधल्या रासेबोर्गला त्याचंही डोकं उडवलं.

चिठ्ठीतली ओळ पुन्हा वाचू. 'याग' म्हणजे 'मी'. 'आम्ही' नाही. मातियास, विन्सेंट आणि ब्रास्क एकाच सभेत एकाच दडपणाखाली होते. सक्ती एकावर झाली असेल तर तिघांवर झाली. न्यायमंडळात बसलेल्या कायदेपंडिताला हे म्हणता आलं असतं. त्याने ते म्हटल्याची नोंद नाही. मी त्याच्या जागी असतो तर म्हटलं असतं का, याचं उत्तर मी इथे छातीठोकपणे लिहिणार नाही. एवढंच दिसतं की ज्या युक्तीने त्याला वाचवलं, तिच्यात दुसऱ्या कुणाला बसायला जागा नव्हती.

चिठ्ठी चालली का?

लपवली म्हणून चालली, असं वरवर वाटतं. मला कारण वेगळं वाटतं. १५२० मध्ये मेण फोडणारा वाचक होता चर्चच्या कायद्याने बोलणारा. आरोप चर्चचा, न्यायमंडळ चर्चचं, ट्रोल्लेला आपल्या निवाड्यावर दुसऱ्या बिशपांची नावं हवी होती. अशा वाचकापुढे 'सक्ती होती' हा कायदेशीर बचाव उभा राहतो, आणि तो मान्य करणं वाचकाच्याही सोयीचं असतं. चिठ्ठी ज्या भाषेत लिहिली होती ती भाषा वाचणाऱ्याला येत होती.

आता दुसरा वाचक बघू.

चौकात मेलेल्यांत एरिक योहान्सन नावाचा सरदार होता. त्याचा मुलगा गुस्ताव तेव्हा लपतछपत हिंडत होता. पुढच्या वर्षभरात त्याने दालार्नाच्या शेतकऱ्यांना उठवलं. १५२१ च्या उन्हाळ्यात, वारं कुठल्या बाजूने वाहतंय ते बघून, ब्रास्कही त्याला येऊन मिळाला. ६ जून १५२३ रोजी गुस्ताव वासा राजा झाला. काल्मारचा संघ संपला आणि देशावर ल्युबेक या जर्मन शहराचं प्रचंड कर्ज राहिलं. पैसा होता चर्चकडे.

पुढची चार वर्षं ब्रास्क आणि राजा यांच्यातली पत्रं वाचण्यासारखी आहेत. वर गोड आणि आत धार. पोपची सत्ता नाकारणाऱ्या ल्यूथरची शिकवण बंदरांतून येत होती, स्टॉकहोम शहराचा लेखनिक ओलाऊस पेट्री तिथे तिचाच प्रचार करत होता. ब्रास्कने सॉदरशॉपिंगला छापखाना काढला आणि तिथून ल्यूथरविरोधी मजकूर बाहेर पडू लागला. शत्रूचं हत्यार आपणही उचलावं हे ओळखणारे त्या काळच्या बिशपांत फारसे नव्हते. १५२६ मध्ये राजाने तो छापखाना बंद करायला लावला. कागदावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा कागदच काढून घेतला.

१५२७ : तोंडी

जून १५२७ मध्ये वेस्टेरोसला सभा भरली. सुरुवातीच्याच मेजवानीत बिशपांना सरदारांच्या खाली बसवलं. पंगतीतली जागा बदलली की काय बदललं, हे मराठी वाचकाला वेगळं समजवायला नको. राजाची मागणी होती की तिजोरी रिकामी आहे, बिशपांचे किल्ले आणि चर्चचं उत्पन्न द्या.

ब्रास्क उठला. त्याचं म्हणणं असं होतं की राजाशी आम्ही एकनिष्ठ आहोत, पण चर्चच्या बाबतीत आम्ही पोपला बांधलेले आहोत आणि त्याच्या परवानगीशिवाय चर्चची मालमत्ता देणं आमच्या अधिकारात नाही. या वेळी मेण नाही, चिठ्ठी नाही. त्रेसष्ट वर्षांचा म्हातारा माणूस सगळ्या सभेसमोर उभा राहून नाही म्हणाला. जुना सरदार तुरे योन्सन त्याच्या बाजूने बोलला.

राजाने वाद घातला नाही. असलं राज्य मला नको, माझी पदरची गुंतवणूक परत करा, मी चाललो, असं म्हणून तो डोळ्यांत पाणी आणून सभेतून निघून गेला आणि वाड्यात जाऊन बसला. तीन-चार दिवसांत सभा हबकली. दुसरा राजा कुठून आणणार, पुन्हा ख्रिस्तियान का? माणसं त्याला परत आणायला गेली. ठराव झाला. बिशपांचे किल्ले राजाकडे, चर्चचं जादा उत्पन्न राजाकडे, आणि सरदारांच्या घराण्यांनी १४५४ पासून चर्चला दिलेल्या जमिनी त्या घराण्यांना परत. या शेवटच्या कलमाने सरदार विकत घेतले गेले. बिशपांनी स्वतंत्रपणे लिहून दिलं की राजा आम्हाला ठेवील तसे राहू, श्रीमंत किंवा गरीब.

त्या कागदावरही ब्रास्कची मोहोर हवी होती.

राजाच्या बाजूने लिहिलेल्या पेडर स्वार्टच्या बखरीत याला जोडून एक हकीकत येते. सभेच्या दिवसांत बिशप मंडळी संत एगिदियसच्या चर्चमध्ये दार लावून जमली, आम्हाला हे मान्य नाही असा निषेध त्यांनी लिहिला आणि तो चर्चच्या फरशीखाली पुरून ठेवला. पंधरा वर्षांनी तो सापडला. बखरकार राजाच्या पदरचा आहे हे लक्षात घेऊनही ही हकीकत मला फार बोलकी वाटते. पुन्हा तीच युक्ती, सक्तीची लपवलेली नोंद. पण या वेळी ती उघडून बघायला कुणी रोमचा वाचक यायचाच नव्हता. गुस्तावपुढे 'माझ्यावर सक्ती होती' हा बचावच नव्हता. तो म्हणाला असता, होतीच, मीच तर केली. पंधरा वर्षांनी फरशी उचलली तेव्हा ज्यांच्या कायद्यात त्या कागदाला अर्थ होता, ते चर्च स्वीडनमध्ये उरलंच नव्हतं.

म्हणजे १५२७ मध्ये बोलून दाखवलेला नकार हरला आणि पुरून ठेवलेलाही हरला. ब्रास्कची हुशारी दहा वर्षांत कमी झाली नव्हती. समोरचा माणूस बदलला होता. ट्रोल्लेला निवाडा हवा होता, गुस्तावला पैसा. निवाडा मागणाऱ्यापुढे कागद ठेवता येतो.

गॉटलंडमार्गे

वेस्टेरोसहून सुटताना ब्रास्कला मुंकेबुडाचा किल्ला सोडावा लागला, आणि त्याच्यासाठी सरदार जामीन राहिले. राजाचा त्याच्यावर किती विश्वास होता ते यावरून कळतं. मग त्याने एक साधा अर्ज केला. गॉटलंड बेट माझ्या धर्मप्रांतात येतं, तिथल्या चर्चांची तपासणी करायची राहिली आहे, जायची परवानगी असावी. बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, पण धर्माच्या बाबतीत लिंशॉपिंगचंच. अर्जात एक अक्षर खोटं नव्हतं. राजाने परवानगी दिली.

तो गॉटलंडला गेला. चर्चांची तपासणी केली, बिशपाने करायची ती कामं केली. आणि मग तिथून जहाज पकडून डान्त्सिगला, आजच्या ग्दान्स्कला, निघून गेला. स्वीडनला तो पुन्हा कधी परतला नाही. उप्सालाचा नियुक्त आर्चबिशप योहानेस मॅग्नुस, तोही मूळचा लिंशॉपिंगचाच, पुढे त्याच शहरात निर्वासित म्हणून राहिला.

परवानगीचा हा कागद मला त्या मेणाखालच्या चिठ्ठीचा धाकटा भाऊ वाटतो. वर जे लिहिलंय ते सगळं खरं, आणि लिहिणाऱ्याला म्हणायचंय ते खाली. फरक एवढाच की या वेळी खालचं कागदावर नव्हतंच.

ब्रास्क अकरा वर्षं परदेशात राहिला. पत्रं लिहीत राहिला, स्वतःला लिंशॉपिंगचा बिशप म्हणवत राहिला. ३० जुलै १५३८ रोजी पोलंडमधल्या लोंद इथल्या सिस्टर्शियन मठात तो वारला. पत्रांच्या नकलांची वही मात्र मागे स्वीडनमध्ये राहिली, आणि १५१६ चं ते जलमार्गाचं पत्रही.